संशय, समेट आणि हसू : ‘संशयकल्लोळ’च्या निमित्ताने पुनर्निर्मितीचा नैतिक विचार

एखाद्या गाजलेल्या कलाकृतीची नवी आवृत्ती पाहून प्रेक्षक निराश होतो, तेव्हा त्या निराशेचे स्पष्टीकरण बहुधा कौशल्याच्या परिभाषेत दिले जाते. नट तोलामोलाचे नव्हते, संवादांना धार नव्हती, काळ बदलला पण दिग्दर्शकाच्या ते ध्यानात आले नाही, अशी कारणे पुढे केली जातात. ही कारणे खोटी नसतात, परंतु पुरेशीही नसतात. विशेषतः मूळ कृती मोडत चाललेल्या संसाराकडे काळ्या विनोदाच्या अंगाने पाहणारी असेल, तर तिच्या नव्या आवृत्तीने होणारी निराशा केवळ कारागिरीची राहत नाही. मूळ कृतीने प्रेक्षकाला ज्या गोष्टीवर हसायला लावले होते, आणि हसल्यानंतर ज्या अस्वस्थतेला सामोरे नेले होते, तिथून नवी आवृत्ती त्याला अलगद बाजूला घेते. अशी निराशा नैतिक स्वरूपाची असते. तिचे स्वरूप तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एक अलीकडचे उदाहरण घेता येईल. वॉरन अ‍ॅडलर यांच्या १९८१च्या कादंबरीवरून डॅनी डेव्हिटो यांनी १९८९ साली ‘द वॉर ऑफ द रोझेस’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. घटस्फोटाच्या वाटेवरचे ऑलिव्हर आणि बार्बरा हे जोडपे राहत्या घराच्या मालकीवरून भांडते, आणि त्या भांडणात घरही उरत नाही व माणसेही उरत नाहीत. झुंबरासह खाली कोसळलेला पती मरता मरता पत्नीच्या खांद्याकडे हात नेतो, आणि पत्नी अखेरच्या श्वासात तो हात दूर सारते. २०२५ साली जे रोच यांनी ‘द रोझेस’ या नावाने त्याच कथासूत्राची नवी आवृत्ती काढली. तीत काम गमावलेला वास्तुविशारद पती आणि व्यवसायात भरभराट झालेली, स्वयंपाकात निष्णात असलेली पत्नी आहे. विध्वंस इथेही होतो. पण शेवटी दोघे एकमेकांना पुन्हा आपले म्हणतात. घरात गॅस पसरत असल्याची मात्र त्यांना कल्पना नसते. पहिल्या चित्रपटातील दोघांना एकमेकांविषयी जाणून घ्यायचे काहीही उरलेले नाही. त्यांच्यात गैरसमज नाही, म्हणून तो दूर होण्याची शक्यताही नाही. दुसऱ्या चित्रपटात त्यांचा घात एका ठाऊक नसलेल्या वस्तुस्थितीने होतो. नात्याचा प्रश्न तिथे अपघाताच्या प्रश्नात विरघळून जातो. हात दूर सारणारी बार्बरा प्रेक्षकाला घरापर्यंत छळते; स्फोटात गेलेल्या जोडप्याविषयी मात्र तो हळहळतो आणि मोकळा होतो.

दोन आवृत्त्यांमधील हा भेद मराठी रंगभूमीच्या अभ्यासकाला अपरिचित वाटू नये. जवळजवळ असाच प्रश्न, अधिक व्यामिश्र रूपात, गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संशयकल्लोळ’ने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी उभा केलेला आहे.

१

देवलांच्या सात नाटकांपैकी ‘शारदा’ (१८९९) हे एकच स्वतंत्र. उरलेली संस्कृत वा इंग्रजी कृतींवर आधारलेली आहेत. पुनर्निर्मिती हा देवलांच्या प्रतिभेचा आडमार्ग नव्हता, तो तिचा हमरस्ताच होता. ‘संशयकल्लोळ’ची वंशावळ सर्वज्ञात आहे. मोलिएरचे ‘स्गानारेल’ हे पद्य प्रहसन १६६० साली पॅरिसमध्ये आले. त्यावरून आर्थर मर्फीने १७६१ साली ‘ऑल इन द राँग’ लिहिले. मर्फीवरून देवलांनी १८९३च्या सुमारास ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक केले. या गद्य नाटकालाच पदांची जोड देऊन त्यांनी ‘संगीत संशयकल्लोळ’ सिद्ध केले. गंधर्व नाटक मंडळीने ते १९१६ साली, म्हणजे देवलांच्या निधनाच्याच वर्षी, रंगभूमीवर आणले. एकाच लेखकाने आपल्याच कृतीची केलेली ही पुनर्निर्मिती असल्यामुळे ‘मूळ लेखकावर अन्याय झाला’ ही नेहमीची तक्रार इथे उद्भवत नाही. प्रश्न अधिक शुद्ध रूपात समोर येतो.

कथासूत्र साधे आहे. रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि ते त्याची पत्नी कृत्तिका पाहते. रेवतीजवळची अश्विनशेटची तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते, ती न्याहाळताना फाल्गुनराव तिला पाहतो. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावाजवळ आढळल्याने अश्विनशेट रेवतीविषयी साशंक होतो. एका वस्तूभोवती चार माणसे फिरू लागतात आणि प्रत्येकाने जे पाहिले ते खरेच पाहिलेले असते. पुरुषांना महिन्यांची आणि स्त्रियांना नक्षत्रांची नावे देण्यात देवलांनी केवळ गंमत साधलेली नाही. आपापल्या कक्षेत फिरणारी, एकमेकांना दुरून पाहणारी आणि त्या पाहण्यातून निष्कर्ष काढणारी ही माणसे आहेत, असे ती नावे नकळत सुचवून जातात.

या कथासूत्राचे खरे गांभीर्य मात्र देवलांच्या दुसऱ्या एका नाटकाशेजारी ते ठेवले म्हणजे जाणवते. ‘तसबिरीचा घोटाळा’च्या आधी तीनच वर्षे, १८९० साली, देवलांनी ‘ऑथेल्लो’चे रूपांतर ‘झुंझारराव’ या नावाने केले होते. तिथे रुमाल, इथे तसबीर. दोन्हीकडे पतीला ‘डोळ्यांनी पाहिलेला’ पुरावा हवा असतो, आणि तो मिळाल्यावर त्याला जे आधीच मानायचे होते तेच तो मानतो. एकच लेखक तीन वर्षांच्या अंतराने एकाच नैतिक प्रश्नाला एकदा शोकात्मिकेच्या आणि एकदा प्रहसनाच्या वाटेने भिडला, ही मराठी नाट्येतिहासातील साधी नोंद नव्हे. फाल्गुनराव हा एका अर्थाने हात न उचललेला झुंझारराव आहे. त्याच्यावर हसणारा प्रेक्षक कशावर हसतो आहे, हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही.

२

शोकात्मिका आणि प्रहसन यांच्यातील भेद इथे विलक्षण बारीक आहे. दोन्हीकडे वस्तुस्थिती अखेर उघड होते. रुमाल कसा गेला हे ऑथेल्लोला कळते. तसबीर कशी आली हे फाल्गुनरावाला कळते. एकाला ते खूनानंतर कळते, दुसऱ्याला खून न होता. तथ्य उशिरा पोचले की शोकात्मिका होते, वेळेवर पोचले की प्रहसन होते. यागोसारखा कोणी कारस्थानी ‘संशयकल्लोळ’मध्ये नाही, हे खरे, पण त्यामुळे फाल्गुनरावाची बाजू सुधारण्याऐवजी बिघडतेच. ऑथेल्लोच्या कानात विष ओतणारा कोणीतरी होता. फाल्गुनरावाला त्याची गरज पडलेली नाही.

इथे एक प्रश्न उपस्थित होतो. फाल्गुनरावाच्या वर्तनातील दोष कोणता? ‘त्याचा गैरसमज झाला’ हे उत्तर नाटकाच्या शेवटाने सुचवलेले आहे. पण गैरसमज हा दोष नव्हे, ती चूक आहे. आणि चुकीला माहिती हा उपाय असतो. फाल्गुनरावाचा दोष तसबिरीच्या आधीचा आहे. तो विश्वास ठेवण्याच्या अक्षमतेचा आहे. विश्वासाची कसोटी जिथे माहिती उपलब्ध नसते तिथेच लागते. सर्व काही माहीत असलेल्या माणसाला विश्वासाची गरजच नसते, त्याला फक्त हिशेब तपासायचा असतो. तसबिरीचा उलगडा झाल्यावर फाल्गुनराव कृत्तिकेवर विश्वास ठेवू लागत नाही. त्याचा हिशेब जुळतो, एवढेच.

याहून गंभीर बाब अशी की, वस्तुस्थितीच्या उलगड्याने आलेला समेट एक अघोषित अट मान्य करून बसतो. कृत्तिका निर्दोष होती, म्हणून तिला दिलेला त्रास चुकीचा ठरला. मग ती निर्दोष नसती तर? तसबिरीतील पुरुषाविषयी तिच्या मनात खरोखरच क्षणभर कौतुक उमटले असते, तर तिच्यावरची पाळत, तिची झडती, तिचा अपमान योग्य ठरला असता का? पत्नीचे निर्दोषत्व ही तिच्या सुरक्षिततेची अट होऊन बसते, आणि नाटक ती अट मोडण्याऐवजी तिची पूर्तता करून दाखवते. डेस्डिमोनाच्या बाबतीतही हाच पेच आहे. तिचा रुमाल तिने खरोखरच कोणाला दिला असता तरी तिचा खून हा खूनच राहिला असता, हे वाक्य नाटकातील कोणीही उच्चारत नाही. शोकात्मिका निदान प्रेताच्या साक्षीने तो विचार प्रेक्षकाच्या मनात आणून सोडते. प्रहसनात प्रेत नसते. म्हणून तिथे हे काम हसण्यानेच करावे लागते.

काळ्या सुखात्मिकेचे वेगळेपण इथे स्पष्ट होते. प्रहसनात तथ्य वेळेवर पोचते आणि सर्व सुरळीत होते. काळ्या सुखात्मिकेत तथ्य वेळेवर पोचते आणि तरीही काही सुरळीत होत नाही. प्रेक्षकाला कळून चुकते की प्रश्न तथ्याचा नव्हताच. या कसोटीवर पाहता फाल्गुनराव आणि कृत्तिका यांच्या कथेत काळ्या सुखात्मिकेचे बीज निःसंशय आहे. तसबिरीचा घोटाळा मिटला तरी उद्या दारात पडलेल्या चिठ्ठीचा घोटाळा होईल, परवा वाटेत भेटलेल्या परिचिताचा होईल. शेवटच्या हशातही प्रेक्षकाला हे जाणवत राहते. ही जाणीव म्हणजे नाटकात न मिटलेली शिल्लक आहे. पुनर्निर्मिती या शिलकीचे काय करते, यावर तिचे नैतिक मूल्य ठरते.

३

१९१६च्या संगीत आवृत्तीने या शिलकीचे काय केले? कथासूत्र तेच राहिले, फाल्गुनरावही तोच राहिला. गणपतराव बोडस यांनी ती भूमिका अशी उभी केली की पुढील नटांना तिच्या सावलीत वावरावे लागले. बदलले ते नाटकाचे गुरुत्वमध्य. पदे मुख्यतः अश्विनशेट आणि रेवती यांच्या वाट्याला आली, आणि रेवती म्हणून साक्षात बालगंधर्व उभे राहिले. रंगमंचावर दोन वर्ग निर्माण झाले: गाणाऱ्यांचा आणि न गाणाऱ्यांचा. मराठी संगीत नाटकात पद हे केवळ रंजन नव्हे. ते पात्राच्या अंतरंगात जाण्याचे दार आहे. ज्याला पद आहे त्याच्या दुःखाला खोली येते, त्याच्या क्षणाला विस्तार मिळतो, प्रेक्षक ‘वन्स मोअर’ देऊन ते दुःख पुन्हा मागून घेतो. ज्याला पद नाही त्याला फक्त वर्तन उरते. फाल्गुनराव आणि कृत्तिका यांचा संसार गद्यात राहिला आणि गद्यातच राहिल्यामुळे तो दोन पदांमधील विसावा बनला.

हा परिणाम साधण्यासाठी मूळ संहितेतील कृत्तिकेचे दुःख खोडावे लागले नाही. त्याच्या शेजारी अधिक सुरेल दुःख ठेवणे पुरेसे होते. पुनर्निर्मिती मूळ कृतीचा आशय वगळण्याने बदलते, असा सर्वसाधारण समज आहे. ती भर घालण्यानेही बदलते, आणि अशी भर अधिक निर्वेध असते; कारण कोणाचे काही हिरावले गेले असे कोणालाच वाटत नाही.

या भरीने साधलेले काही मोठे आहे, हेही निःसंकोच मान्य केले पाहिजे. रेवती ही नायकिणीची मुलगी. अश्विनशेटच्या संशयाला तिच्या वर्तनापेक्षा तिच्या जन्माचा आधार आहे. कुलीन स्त्रीच्या बाबतीत जो पुरावा त्याला अपुरा वाटला असता तो रेवतीच्या बाबतीत त्याला पुरेसा वाटतो. ‘मृच्छकटिक’ मराठीत आणणाऱ्या देवलांच्या मनात वसंतसेना घर करून होती, याची खूण इथे पटते. पदांनी रेवतीच्या या अपमानाला जो आवाज दिला तो गद्य नाटकाला देता आला नसता. तेव्हा संगीत आवृत्ती उणी ठरते ती सौंदर्याच्या दृष्टीने नव्हे, एकूण मानवी आशयाच्या दृष्टीनेही नव्हे. ती उणी ठरते एकाच ठिकाणी: विवाहाची कथा तिने विवाहपूर्व प्रेमाच्या कथेच्या स्वाधीन केली. लग्न होऊ घातलेल्या जोडप्याचा संशय गाण्याने फिटतो आणि त्याच्या मंगलाक्षतांखाली लग्न झालेल्या जोडप्याची न मिटलेली शिल्लक झाकली जाते. नव्या लग्नाच्या आनंदात जुन्या लग्नाचे काय झाले हे विचारणे अप्रशस्त ठरते.

४

ही शिल्लक एवढी महत्त्वाची का, हे समजण्यासाठी १८९३ सालच्या घराचे दार आठवावे लागेल. ते दार आतून उघडत नव्हते. हिंदू विवाहाला कायद्याच्या दृष्टीने घटस्फोट नव्हता. १८८४ ते १८८८ या काळात गाजलेल्या दादाजी-रखमाबाई खटल्यात, कधीच मनाने न स्वीकारलेल्या पतीकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असा पर्याय न्यायालयाने १८८७ साली एका सुशिक्षित तरुणीपुढे ठेवला होता. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्र ढवळून निघाला होता. त्यानंतर दोनच वर्षांनी आलेल्या नाटकातील पती-पत्नी एकमेकांवर पाळत ठेवतात, तेव्हा ती दोन कैद्यांची पाळत असते. पुरुषाला दुसरे लग्न करण्याची मुभा होती, पत्नीला माहेरी धाडून देण्याची मुभा होती; कृत्तिकेला यातले काहीच नव्हते. तरीही प्रहसन दोघांचे संशय तराजूच्या दोन पारड्यांत सारखे तोलते. फाल्गुनरावाचा संशय कृत्तिकेचे आयुष्य उद्ध्वस्त करू शकतो. कृत्तिकेचा संशय फार तर घरात आदळआपट करू शकतो. असमान सत्तेवर उभारलेले हे समान हास्य हे या नाटकाचे असत्य आहे, आणि त्याचे धाडसही आहे. कारण पत्नीलाही पतीवर संशय घेण्याचा, त्याची झडती घेण्याचा आणि त्याला जाब विचारण्याचा अधिकार आहे असे निदान रंगमंचावर तरी त्याने गृहीत धरले.

नैतिक प्रश्न तथ्याच्या प्रश्नात बदलून सोडवण्याची ही रीत देवलांच्या स्वतंत्र नाटकातही दिसते. ‘शारदा’चे नाव नाशिकच्या इतिहासात एका वेगळ्याच कारणाने कोरले गेले आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी इथल्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन याच्यावर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या, तेव्हा तिथे प्रयोग होता तो किर्लोस्कर मंडळीच्या ‘शारदा’चा. क्रांतीच्या इतिहासात त्या रात्री कोणते नाटक चालू होते ही बाब गौण आहे. नाट्यविचारात ती तशी नाही. पैशासाठी आपली मुलगी म्हाताऱ्याला देणाऱ्या बापाचे हे नाटक. लग्न मोडते ते मात्र ‘मुलगी विकणे हा अधर्म आहे’ या निर्णयाने नव्हे. वधू-वर सगोत्र आहेत या शोधाने. गोत्र भिन्न असते तर? तसबिरीचा उलगडा झाला नसता तर? दोन्ही प्रश्नांना नाटकाचा शेवट उत्तर देत नाही. अर्थात १८९९च्या प्रेक्षकांसमोर शारदेला वाचवण्यासाठी देवलांना जे साधन हाताशी होते ते त्यांनी वापरले, आणि त्यामुळे किती शारदा वाचल्या असतील याचा हिशेब कोण करणार? परंतु साधनाची उपयुक्तता आणि उत्तराची सत्यता या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे हे समीक्षेचे काम आहे.

पुढे कायदा बदलला. मुंबई प्रांतात १९४७ साली हिंदूंना घटस्फोटाची तरतूद मिळाली. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने ती देशभर आणली, आणि १९७६च्या दुरुस्तीने परस्परसंमतीचा मार्ग खुला केला. दार आतून उघडू लागले. ते उघडणे सर्वांना सारखेच सोपे झाले असे नव्हे; पण नाटकाच्या दृष्टीने पायाभूत फरक पडला. १८९३ सालचे जोडपे एकत्र राहते कारण राहण्यावाचून गत्यंतर नाही. आजचे फाल्गुनराव-कृत्तिका एकत्र राहत असतील तर ते का, हे नाटकाला सांगावे लागेल. तेव्हा आज ‘संशयकल्लोळ’ पुन्हा उभे करताना पदे निवडून, संहिता आटोपशीर करून आणि शेवट आहे तसा ठेवून भागत नाही. जुना शेवट जसाच्या तसा ठेवणे ही मूळ कृतीशी निष्ठा वाटते. प्रत्यक्षात ज्या बंदिस्त घरामुळे त्या शेवटाला अर्थ होता ते घरच नाहीसे झालेले असते.

५

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. सुखात्मिकेने समेट करावा ही केवळ प्रेक्षकाची आळशी मागणी नव्हे. ती मानवी गरज आहे. ज्या समाजात संसारातून बाहेर पडण्याची वाट नव्हती तिथे संशयावर हसायला शिकवणे हेच मोठे पुण्य होते. नाटक पाहून घरी परतलेल्या एखाद्या फाल्गुनरावाने त्या रात्री बायकोची पेटी उघडून पाहिली नसेल, तर बार्बराच्या झिडकारलेल्या हातापेक्षा ते मोलाचे नाही काय? समेट म्हणजे असत्य आणि विध्वंस म्हणजे सत्य, असे समीकरण मांडणारी समीक्षा स्वतःच एका सोयीच्या कठोरपणात अडकलेली असते.

आक्षेप ग्राह्य आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. दोष समेटाचा नाही, समेट ज्या मार्गाने येतो त्याचा आहे. संशयाने मोडलेल्या संसाराची भारतीय परंपरेतील आद्यकथा ज्या पंचवटीतून सुरू होते ती परंपरेने नाशिकचीच मानली जाते. सीतेचे हरण इथून झाले आणि तिच्यावरील संशयाची बीजे त्या हरणात आहेत. वाल्मीकी रामायणात अग्निदिव्याने तथ्य सिद्ध होते. तरीही लोकापवाद थांबत नाही, त्याग टळत नाही, आणि पुन्हा शपथेची मागणी होते तेव्हा सीता धरणीच्या पोटात जाते. तथ्य कितीही निर्णायक असले तरी संशय त्याने शमत नाही, हे या कथेइतके निष्ठुरपणे क्वचितच कुठे सांगितले गेले असेल.

भवभूतीने ‘उत्तररामचरिता’त या कथेची पुनर्निर्मिती केली आणि शेवट बदलला, राम आणि सीता यांचे पुनर्मीलन घडवले. वर मांडलेल्या विचारानुसार ही पुनर्निर्मिती निराशाजनक ठरायला हवी. ती तशी ठरत नाही, आणि का ठरत नाही हे तिसऱ्या अंकात दिसते. हा अंक पंचवटीच्या परिसरातच घडतो. बारा वर्षांनी राम तिथे येतो. सीता अदृश्य रूपाने तमसेसह वावरते आहे. वनदेवता वासंती रामाला त्याच्या कृत्याचा जाब विचारते. ती त्याला राजा म्हणून सवलत देत नाही आणि पती म्हणूनही देत नाही. राम कोसळतो, शोक करतो. सीतेला सारे ऐकू येते, रामाला मात्र ती दिसत नाही. इथे कोणत्याही तथ्याचा उलगडा होत नाही. सीतेच्या शुद्धतेविषयी रामाच्या मनात संशय नव्हताच. म्हणून ‘गैरसमज झाला होता’ ही पळवाट त्याला उपलब्ध नाही. जे केले ते जाणून केले, आणि त्याचा जाब जाणूनच द्यावा लागतो. पुनर्मीलन सातव्या अंकात येते. त्याची नैतिक किंमत तिसऱ्या अंकात चुकती केलेली असते.

कालिदासाने ‘शाकुंतला’त महाभारतातील कथा बदलताना दुर्वासाचा शाप आणला आणि जाणूनबुजून नाकारणाऱ्या राजाला विस्मृतीचे कवच दिले. पत्नीला नाकारणे हा अपराध न राहता घोटाळा झाला, आणि अंगठी सापडताच घोटाळा मिटला. अंगठी आणि तसबीर या एकाच कुळातील वस्तू आहेत. कालिदासाने पतीला दोषमुक्त करून समेट साधला; भवभूतीने त्याला दोषमुक्त न करता साधला. ‘शाकुंतल’ची काव्यात्मता अर्थातच या एका कसोटीवर तोलायची नाही. परंतु मोडलेल्या विवाहाची कथा पुन्हा सांगणाऱ्यापुढे कोणते दोन मार्ग असतात, हे या दोन नाटकांइतके स्वच्छ अन्यत्र दिसत नाही.

यातून क्षमा आणि उलगडा यांतील भेद स्पष्ट होतो. उलगड्यानंतर क्षमा करायला काही उरतच नाही. चूक होती, ती दुरुस्त झाली. क्षमा तिथेच संभवते जिथे सर्व कळल्यानंतरही अपराध शिल्लक असतो. म्हणून उलगड्याने संपणारे नाटक पती-पत्नींना क्षमेची संधी नाकारते. फाल्गुनराव कृत्तिकेची क्षमा मागू शकत नाही, कारण नाटकाने त्याला निव्वळ फसलेला माणूस ठरवले आहे. कृत्तिका क्षमा करू शकत नाही, कारण तीही तशीच फसलेली आहे. दोघांना सोडून दिले जाते. मोकळे मात्र कोणीच होत नाही.

६

नाशिकच्या वाङ्मयीन जीवनात हे दोन मार्ग एकाच सुमारास, एकाच गावात वावरले आहेत. १९६१च्या सुमारास इथेच वास्तव्य असलेल्या वि. वा. शिरवाडकरांनी ‘ऑथेल्लो’ मराठीत आणले. आणि त्याच काळात, इथल्याच हं. प्रा. ठा. महाविद्यालयात अध्यापन केलेल्या वसंत कानेटकरांचे ‘प्रेमा तुझा रंग कसा?’ रंगभूमीवर आले. एकाने देवलांच्या ‘झुंझाररावा’चा वारसा पुढे नेला, दुसऱ्याने भांडण हाच प्रेमाचा एक रंग मानणाऱ्या प्रसन्न सुखात्मिकेचा. या दोहोंच्या मधली जागा, म्हणजे ज्या संसारात कोणी कोणाचा गळा दाबत नाही आणि भांडण हा प्रेमाचा रंगही राहिलेला नाही, ती मराठी सुखात्मिकेने बहुतांशी रिकामी ठेवली. देवलांचा गद्य फाल्गुनराव त्या जागेच्या उंबरठ्यापर्यंत पोचला होता. संगीत आवृत्तीने त्याला गोड आवाजात माघारी बोलावले.

पुनर्निर्मिती मूळ कृतीशी किती प्रामाणिक आहे, हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. २०२५चा चित्रपट १९८९च्या चित्रपटापासून दूर गेला हा त्याचा दोष नव्हे. भवभूती वाल्मीकीपासून याहून किती तरी दूर गेला. विचारायचे ते हे की, मूळ कृतीने जो हिशेब अपुरा ठेवला होता तो नवी कृती कशाने पूर्ण करते: जाब देऊन, की नवी वस्तुस्थिती पुढे करून? शाप, सगोत्रता, तसबीर, गॅसगळती ही सारी वस्तुस्थितीची नाणी आहेत. ती चालतात, त्यांनी नाटक संपते, प्रेक्षक समाधानाने उठतो. पण ज्या ऋणासाठी ती मोजली जातात ते ऋण त्यांनी फिटत नाही.

‘संशयकल्लोळ’चा नवा प्रयोग करू पाहणाऱ्या दिग्दर्शकाला यासाठी एकही पद गाळावे लागणार नाही आणि एकही वाक्य बदलावे लागणार नाही. शेवटच्या आनंदसोहळ्यात अश्विनशेट-रेवतीवर प्रकाश असताना फाल्गुनराव आणि कृत्तिका कुठे उभे आहेत, एवढे त्याने ठरवावे. आजवर बहुधा ती दोघे इतरांबरोबर हसत उभी असतात. त्यांना थोडे अंतर राखून उभे करता येईल. घरी जाण्याची वेळ झाली आहे, दार आता आतूनही उघडते हे दोघांना ठाऊक आहे, आणि आधी कोण काय बोलणार याची दोघेही वाट पाहत आहेत.